आरोपीच्या बाजूने : बॅरिस्टर आंबेडकर आणि अनुच्छेद २२

१/ डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनाकार म्हणून सर्वांना परिचित आहेत. फौजदारी न्यायालयात आरोपींचा बचाव करणारे बॅरिस्टर आंबेडकर त्या मानाने अपरिचित राहिले. अटक झालेल्या माणसाचा वकिलाचा हक्क राज्यघटनेत कसा आला, हे समजून घेण्यासाठी या बॅरिस्टरची ओळख आवश्यक ठरते.

२/ लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ मध्ये बॅरिस्टर होऊन आंबेडकर १९२३ मध्ये मुंबईला परतले. वकिलीची सनद घेण्यासाठी लागणारे पैसेही जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिलीस प्रारंभ केला.

३/ त्या काळी उच्च न्यायालयातील बॅरिस्टरकडे काम येई ते सॉलिसिटरांमार्फत. अस्पृश्य समाजातील बॅरिस्टरकडे काम सोपवण्यास बहुतेक सॉलिसिटर तयार नव्हते. त्यामुळे आंबेडकरांना मुंबईबाहेरच्या जिल्हा न्यायालयांतील खटले घ्यावे लागले. चरितार्थासाठी ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदाही शिकवीत.

४/ १९२६ साली पुण्यातील एका खटल्याने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. दिनकरराव जवळकर यांनी ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक यांच्यावर जहरी टीका केली होती. जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे आणि मुद्रक यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली आणि खालच्या न्यायालयाने सर्वांना शिक्षा ठोठावली.

५/ पुण्याच्या सत्र न्यायालयात अपील चालवण्यासाठी ब्राह्मणेतर पक्षाच्या या पुढाऱ्यांनी आंबेडकरांना आणले. पुस्तकाची भाषा सौम्य होती, असा दावा करणे शक्यच नव्हते. आंबेडकरांनी बचाव उभा केला तो कायद्याच्या एका नेमक्या तरतुदीवर.

६/ मृत व्यक्तीच्या बदनामीचा गुन्हा सिद्ध होण्यासाठी तिच्या कुटुंबीयांच्या किंवा निकटच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असावा लागतो, असे भारतीय दंड संहितेचे कलम ४९९ सांगत होते. फिर्यादी चिपळूणकरांचा दूरचा नातलग होता. त्याला फिर्यादीचा अधिकारच पोहोचत नाही, हा आंबेडकरांचा युक्तिवाद. ऑक्टोबर १९२६ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले.

७/ दुसरा खटला रघुनाथ धोंडो कर्वे यांचा. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. समाज त्यांच्या विरोधात होता, आणि सार्वजनिक जीवनातील कोणाही माणसाला हे वकीलपत्र घेणे अडचणीचेच होते. आंबेडकरांनी ते घेतले.

८/ लैंगिक विषयावर लिहिलेले सर्वच लेखन अश्लील ठरत नाही आणि विकृती दूर व्हायची असेल तर ती ज्ञानानेच होईल, अशी त्यांची भूमिका होती. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचे दाखले त्यांनी दिले. न्यायालयाला ते पटले नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला, खटला हरला.

९/ दरम्यान वकील राजकारणात उतरला होता. १९२७ च्या आरंभी ते मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य झाले आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडचा सत्याग्रह झाला. डिसेंबरमध्ये विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला, तेव्हा दुसऱ्यांदा तळ्यावर जाणे त्यांनी थांबवले आणि दावा लढवला. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

१०/ मात्र न्यायालयावरचा हा विश्वास कितपत टिकावा, हे सत्ताधाऱ्यांनी केलेल्या कायद्यावर अवलंबून होते. त्याचे एक उदाहरण वर्धा जिल्ह्यात आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टी येथे मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबारात आंदोलक मारले गेले आणि जमावाच्या हल्ल्यात पोलीसही.

११/ अशा प्रकरणांसाठी सरकारने १९४२ च्या वटहुकमाने विशेष फौजदारी न्यायालये उभारली आणि नेहमीची कार्यपद्धती व अपिलाचे हक्क आखडले. आष्टी आणि त्याच दिवशी पेटलेल्या चिमूरच्या खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली. या कैद्यांचे प्राण वाचवण्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी मोठी मोहीम चालवली. उरलेल्या फाशीच्या शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलल्या.

१२/ हे खटले चालले तेव्हा आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, याचीही नोंद घ्यायला हवी. फौजदारी प्रक्रिया संहितेने दिलेले संरक्षण एका वटहुकमाने कसे बाजूला सारता येते, हे त्या वर्षांत साऱ्या देशाने पाहिले.

१३/ संविधान सभेत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. ‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार’ जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावता येईल, अशी शब्दरचना डिसेंबर १९४८ मध्ये मंजूर झाली. ती आजच्या अनुच्छेद २१ मध्ये आहे. विधिमंडळाने अन्यायकारक कार्यपद्धतीच ठरवली तर काय, असा अनेक सदस्यांचा आक्षेप होता.

१४/ १५ सप्टेंबर १९४९ रोजी आंबेडकरांनी नवे कलम १५-अ मांडले. आधीच्या कलमाने निर्माण झालेल्या असमाधानाची ही भरपाई आहे, असे त्यांनी सांगितले. अटकेची कारणे कळवणे, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला मिळणे, या तरतुदी त्यात होत्या.

१५/ या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासूनच आहेत, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. त्या राज्यघटनेत घातल्यामुळे संसदेला किंवा प्रांतिक विधिमंडळांना त्या रद्द करता येणार नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. तेच कलम आज अनुच्छेद २२ म्हणून ओळखले जाते.

१६/ या कलमाला दुसरी बाजूही आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत हे हक्क लागू होत नाहीत. तीन महिन्यांपुढे स्थानबद्धतेसाठी सल्लागार मंडळाची तरतूद आहे. बक्षी टेकचंद यांच्यासारख्या कायदेपंडित सदस्यांनी सभेतच त्यावर कठोर टीका केली. ती टीका आजही जुनी झालेली नाही.

१७/ २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर अजमल कसाबचा बचाव न करण्याचा ठराव मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने केला होता. न्यायालयाने त्याला वकील दिला. असे ठराव राज्यघटनेच्या विरुद्ध आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात स्पष्ट केले.

१८/ २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबची फाशी कायम करतानाच सर्वोच्च न्यायालयाने सर्व दंडाधिकाऱ्यांना निर्देश दिले : आरोपी प्रथम हजर होताच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव द्यावी, ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील द्यावा. १९२३ मध्ये ज्या बॅरिस्टरकडे पक्षकार पाठवायला सॉलिसिटर तयार नव्हते, त्याने मांडलेल्या कलमाचा आधार आज प्रत्येक आरोपीला आहे.