खाडी, नाव आणि पंखा

गोवंडीचे नाव निघाले म्हणजे आज ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रेल्वेचा फलाट, दाटीची वस्ती आणि १९२७ पासून चालत आलेले देवनारचे कचऱ्याचे मैदान एवढेच उभे राहते. येथून पूर्वेस ठाण्याची खाडी आहे, याचा विसर परक्यांसच नव्हे, तर आपल्या कोळी ज्ञातीतील नव्या पिढीसही पडत चालला आहे. वस्तुतः गोवंडी, मानखुर्द, माहूल ही गावे ज्या भूमीवर वसली ती एके काळी साष्टीपासून पाण्याने तुटलेली, तुर्भे बेट या नावाने ओळखली जाणारी भूमी होय. (या तुर्भ्याचेच इंग्रजांनी ट्रॉम्बे केले. खाडीपलीकडील नव्या मुंबईतील तुर्भे ते निराळे.) १९७३ मध्ये मानखुर्द व वाशी यांना जोडणारा पूल झाला, त्यापूर्वी पैलतीरास जाण्याचा सरळ मार्ग नावेचाच होता.

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही नावेच्या यंत्राचा विषय घेतला त्यास कारण आहे. खाडीत रोहित पक्षी थव्यांनी उतरतात. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य जाहीर झाले व २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा मान मिळाला. वनखात्याची रीतसर परवानगी मिळाल्यास पाहुण्यांस पक्षी दाखविण्यासाठी नाव ठेवावी, असे ज्ञातीतील काही तरुणांच्या मनात आहे. त्यांच्या बोलण्यात येते ती पांटून नाव, म्हणजे दोन लांब पोकळ नळ्यांवर सपाट तक्त घातलेली, मागे यंत्र लावलेली. तीत घरोघरीचे पैसे गुंतणार. एका घरातून तर सुनेच्या पाटल्या गहाण पडणार आहेत. अशा वेळी यंत्र किती अश्वशक्तीचे, एवढाच प्रश्न विचारला जातो. पंखा कोणता, हे कोणी विचारीत नाही. नावेच्या यंत्राचा सारा इतिहास मात्र या दुसऱ्या प्रश्नाभोवतीच फिरलेला आहे.

मुंबईस आगबोटीची विद्या फार लवकर आली. माझगावचे आर्देशीर खरसेटजी वाडिया यांनी १८३३ मध्ये ‘इंडस’ नावाची लहान आगबोट तयार केली. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले; हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्या काळच्या आगबोटी बाजूंच्या मोठ्या चाकांनी पाणी मागे लोटीत. पाण्याखाली फिरणाऱ्या मळसूत्री पंख्याचे हक्क इंग्लंडात १८३६ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ व स्वीडनचे जॉन एरिक्सन यांनी स्वतंत्रपणे घेतले. यांतील स्मिथची हकीगत मोठी मनोरंजक आहे. त्याचा पंखा लाकडी असून त्यास मळसूत्राचे दोन वेढे होते. १८३७ मध्ये कालव्यात नाव चालवीत असता त्याचा अर्धा भाग मोडून पडला. नाव थांबेल असे वाटावे, तो ती पूर्वीपेक्षा वेगाने धावू लागली! यंत्र तेच, नाव तीच, पाणी तेच. पंखा तेवढा निम्मा झाला होता. पुढे १८४५ मध्ये इंग्रजी आरमाराने ‘रॅटलर’ ही पंख्याची व ‘अलेक्टो’ ही चाकांची, अशा सारख्याच शक्तीच्या दोन बोटी पाठीस पाठ बांधून ओढावयास लावल्या. रॅटलरने अलेक्टोस उलट्या दिशेने ओढीत नेले आणि तो वाद तेथे मिटला.

आपल्या किनाऱ्यावर मासेमारीच्या नावांना इंजिने बसू लागली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकात. या बाबतीत आपल्या पूर्वजांच्या सुतारकामाचे ऋण मान्य केले पाहिजे. पूर्व किनाऱ्यावरील कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. त्यांत इंजिन बसवावे कोठे? म्हणून तिकडे परदेशी तज्ज्ञांस नव्या धर्तीच्या नावा आखाव्या लागल्या. कोल्लमजवळ नीण्डकरा येथे १९५२ च्या करारान्वये नॉर्वेच्या साहाय्याने मोठा प्रकल्पही उभा राहिला. सातपाटी, वसई, वेसावे येथील नावांची नाळ धारदार व कणा सरळ असल्यामुळे त्यांत डिझेल इंजिन सहज सामावले. शिडासाठी घडविलेली नाव यंत्रासही लायक ठरली.

खाडीतील लहान होड्यांचे मात्र तसे झाले नाही. त्यांच्या पोटात इंजिनास जागा नव्हती आणि ओहोटीस चिखलावर बसणाऱ्या होडीखाली कायमचा पंखा ठेवणे म्हणजे तो मोडून घेणेच. अशा होडीस हवे होते ते मागच्या फळीस अडकविता येणारे आणि चिखल लागताच उचलता येणारे यंत्र. असे यंत्र अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने १९०९ मध्ये बाजारात आणले. तोही मूळचा नॉर्वेचाच. त्याचे यंत्र दीड अश्वशक्तीचे, ६२ पौंड वजनाचे होते. वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणावयास तो सरोवर वल्हवीत गेला आणि परत येईतो ते वितळले, त्यातून ही कल्पना सुचली असे सांगतात. पांटून नाव त्याहून बरीच अलीकडची. मिनेसोटातील अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने १९५१ च्या सुमारास लोखंडी पिंपांवर लाकडी तक्त ठोकून ती शांत सरोवरात सोडली. तेथे आपल्यासारखी भरती-ओहोटी नाही आणि खारे पाणीही नाही, ही गोष्ट घेणाऱ्याने विसरू नये.

आता हिशेब पाहू. पाणी कापीत नव्हे, तर पाण्यात बसून चालणाऱ्या नावेस आपल्याच लाटेची मर्यादा असते, हे इंग्लंडात विल्यम फ्राउडने लहान प्रतिकृती पाण्यात ओढून सिद्ध केले. १८७२ मध्ये त्याने टॉर्की येथे त्यासाठी खास हौदच बांधला होता. ढोबळ नियम असा की, पाण्यातील लांबीच्या फुटांचे वर्गमूळ काढावे व त्यास १.३४ ने गुणावे. २५ फुटांच्या नावेस ६.७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर. लांब व अरुंद नळ्यांस यात थोडी सवलत मिळते. तथापि माणसांनी भरलेल्या पांटून नावेवर अश्वशक्ती दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही, पेट्रोल मात्र दुप्पट जळते. पक्षी पाहावयाचे तर वेग हवा कशास? उधाणाच्या ओहोटीविरुद्ध परतता येईल इतकी शक्ती पदरी असावी, म्हणजे पुरे.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसऱ्यास पिच म्हणतात, म्हणजे पंखा लोण्यात फिरला असता तर एका फेऱ्यात जितके इंच पुढे गेला असता तितके. समजा यंत्राचे मिनिटास ५,००० फेरे आहेत आणि गिअरमुळे पंख्यास त्याचे निम्मे मिळतात. पिच १३ इंच असेल तर हा पंखा ताशी ४९ किलोमीटरची भाषा बोलतो. नाव बिचारी १२ ची. मधले सारे अंतर पाणी घुसळण्यात जाते. जड नावेस मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा हवा. बैलगाडी चढणीला लागली असता घोड्याची चाल उपयोगी पडत नाही, तसेच हे.

हे पुस्तकी बोलणे नव्हे. आमच्या परिचयातील एका गटाने जुनी पांटून नाव घेतली. विक्रेत्याने तिच्यावर ४० अश्वशक्तीचे यंत्र व १३ पिचचा पंखा बसवून दिला आणि नाव रेटत नाही अशी तक्रार जाताच ६० चे यंत्र घ्या असा सल्ला दिला. मंडळी कर्जाचा कागद करावयास निघाली होती. तेवढ्यात एका वृद्ध तांडेलांनी सांगितले, “अरे, मशीन दमतंय, त्याला हलका पंखा द्या. मशीन काय बदलता?” फेरे मोजले तो पूर्ण जोर दिला असताही ४,२०० च भरले. त्या यंत्राची मर्यादा ४,५०० ते ५,५०० होती. म्हणजे यंत्र ओझ्याखाली घुसमटत होते. पिच तीन इंचांनी उतरविताच फेरे ४,८०० वर गेले. पिच एक इंच कमी केल्यास दीडशे-दोनशे फेरे वाढतात, या हिशेबास हे धरूनच झाले. एका पंख्याच्या किमतीत नवे कर्ज टळले.

दांड्याची लांबीही पाहावी लागते. बाजारात ती साधारणतः १५, २० व २५ इंच अशी मिळते. पंख्यावरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या पातळीस अथवा किंचित खाली यावी. वर राहिली तर वळताना पंखा हवा खातो, यंत्र किंचाळते आणि नाव जागची हलत नाही. पांटून नावेत तर दोन नळ्यांमधले पाणी आधीच खवळलेले असते. फार खाली गेली तर भांगाच्या दिवसांतही पंखा चिखलात रुततो. सयामात लांब दांड्याचे, पंखा पाण्याच्या वरच्या थरातच फिरविणारे यंत्र उथळ कालव्यांत सर्रास वापरतात. मासेमारीच्या होडीसाठी ते विचारात घेण्याजोगे आहे; पाहुण्यांच्या नावेस त्याचा आवाज सोसवणार नाही. आवाजाचा व धुराचा विचार करता तेल मिसळून चालणाऱ्या दोन स्ट्रोकच्या यंत्रापेक्षा चार स्ट्रोकचे बरे, जरी ते वजनाने व किमतीने जास्त असते.

आपल्या खाडीचा एक रोग सरोवराच्या देशातील पुस्तकांत सापडणार नाही, तो म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या. पिशवी पंख्यास गुंडाळते हे दिसते तरी. पण यंत्रास थंड ठेवणारे पाणी ज्या छिद्रांतून आत जाते त्यांवर ती बसली तर काही मिनिटांत यंत्र तापते. मागून पडणारी पाण्याची बारीक धार सुरू आहे की नाही, यावर एका माणसाची नजर सतत असावी. वर सांगितलेल्या गटाने हे काम बारावी झालेल्या एका मुलीकडे दिले आहे आणि ती तांडेलांसही न जुमानता यंत्र बंद करावयास लावते. संध्याकाळी नाव लागली की यंत्र गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटे चालवून आतील खार व गाळ धुऊन काढतात. गोवंडीत गोडे पाणी मिळविणे ही स्वतंत्र कथा आहे. ते पिंप भरण्याची पाळी घरोघरी लावलेली आहे.