मुखपरीक्षा आणि तिचा इतिहास



दांत दुखूं लागल्यावांचून दंतवैद्याकडे जावयाचें नाहीं, असा आपल्यांतील बहुतेकांचा परिपाठ आहे. आणि गेल्यावर दुखरा दांत तेवढा दाखवावा, तो भरून किंवा उपटून घ्यावा व घरीं परतावें, एवढीच आपली अपेक्षा असते. त्या खुर्चीवर बसलेल्या मनुष्याचें सबंध तोंड पाहिलें जावें, हा विचार कसा रुजला आणि त्यामागें किती जणांचे श्रम आहेत, हें आज थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे. मी वैद्य नाहीं. मॅट्रिक होऊन छत्तीस वर्षें खेड्यांतील मुलांना इतिहास-भूगोल शिकविलेला मी एक शाळामास्तर. या विषयाशीं माझा संबंध कसा आला, तें शेवटीं सांगेन.

मुखरोगांचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. ओठ, हिरड्या, दांत, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशीं सात स्थानें मानून सुश्रुतसंहितेंत ६५ मुखरोग गणले आहेत. दांतांबरोबर जीभ व टाळूही पाहिली पाहिजे, ही दृष्टि त्या आचार्यांस होती. परंतु तंबाखू त्यांस ठाऊक नव्हती. ती पुढें पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागली. सुमारें १६०४ मध्यें असदबेग नांवाच्या मोगल अधिकाऱ्यानें ती विजापुराहून अकबराच्या दरबारीं नेली. हकिमानें त्या अपरिचित वस्तूस हरकत घेतली, तरी बादशहानें झुरका घेतलाच. १६१७ त जहांगीरानें तंबाखूवर बंदी घातली. ती किती टिकली, हें आपण आपल्या भोंवतीं पाहतोंच आहों. चुन्याशीं मळून ती गालांत धरावयाची, भाजून मिश्री करून हिरड्यांस लावावयाची, विड्यांत घालावयाची, अशा नाना रूपांनीं ती आपल्या घरांत शिरली.

या संवयींचें फळ प्रथम रुग्णालयांत दिसूं लागलें. १९०२ मध्यें मद्रासेचे शल्यवैद्य निब्लॉक यांनीं विडा चघळणें व गालाचा कर्करोग यांचा संबंध नमूद केला. १९३३ त ऑर यांनीं त्रावणकोरांतील विडा खाणाऱ्यांच्या मुखकर्करोगाविषयीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत लेख लिहिला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेथील डॉ. खानोलकर यांनीं १९४४ मध्यें मुंबईंतील मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढें १९५५ त संघवी, राव व खानोलकर या तिघांनीं कर्करोग झालेल्यांच्या व न झालेल्यांच्या संवयी ताडून पाहून तंबाखूचा दोष आंकड्यांनिशीं दाखविला.

तथापि रुग्णालयांत येतो तो बहुधा उशीर झालेला रोगी. रोगाचा आरंभ पाहावयाचा तर निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या दारीं जावें लागतें. तें काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील डॉ. फली मेहता व डेन्मार्कचे प्राध्यापक पिंडबोर्ग यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह हातीं घेतलें. १९६६ च्या सुमारास एर्नाकुलम, श्रीकाकुलम, भावनगर, दरभंगा व सिंगभूम या पांच जिल्ह्यांत घरोघर हिंडून त्यांनीं पन्नास हजारांवर माणसांचीं तोंडें तपासलीं. पाठोपाठ आपल्या पुणें जिल्ह्यांतील १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी झाली. तिचा वृत्तांत १९७२ मध्यें छापला गेला. पांचांपैकीं कांहीं जिल्ह्यांत तर हे लोक त्याच माणसांकडे दहा वर्षें फिरफिरून जात राहिले. त्यांतून निघालेला निष्कर्ष मोलाचा आहे : तोंडाचा कर्करोग बहुधा एकाएकीं होत नाहीं, त्याआधीं एखादा चट्टा किंवा डाग दिसत असतो.

या चट्ट्यांपैकीं पांढऱ्यास ‘ल्यूकोप्लेकिया’ हें नांव १८७७ मध्यें बुडापेस्टच्या श्विमर यांनीं दिलें. लाल चट्टा त्याहून अधिक धोक्याचा. तिसरी अवस्था सुपारीची : गाल आंतून ताठर होत जातो आणि तोंड पुरतें उघडेनासें होतें. तिचें वर्णन १९५३ त मुंबईच्या डॉ. जोशी यांनीं केलें. यांतील बहुतेक खुणांना आरंभीं वेदना नसते. म्हणून रोग्यास त्या कळत नाहींत आणि दुसऱ्यानें पाहाव्या लागतात.

पण नुसत्या पाहण्यानें प्राण वांचतात काय? १९९६ पासून केरळांत तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांत पस्तिशीपुढील सुमारें १ लाख ९० हजार लोकांचे गट पाडून याची परीक्षा करण्यांत आली. कांहीं गटांत शिकविलेले आरोग्यसेवक दर तीन वर्षांनीं तोंड तपासून जात. इतर गटांत नेहमींचेंच चाले. २००५ मध्यें निकाल छापून आला. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यु ३४ टक्क्यांनीं कमी झाले होते. ज्यांस व्यसन नाहीं त्यांच्यांत तसा लाभ दिसला नाहीं, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

जें आरोग्यसेवक उंबऱ्यावर करूं शकतो, तें दंतवैद्यास सहज करतां येतें. आपल्या देशांत दंतवैद्यकाचें शिक्षण १९२० मध्यें कलकत्त्यास डॉ. आर. अहमद यांनीं सुरू केलें; मुंबईस नायर दंतमहाविद्यालय १९३३ त निघालें; १९४८ मध्यें दंतवैद्यांचा कायदा झाला. दिवा व आरसा त्याच्या हातींच असतो. ओठ उलटून पाहावे, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू न्याहाळावी, जीभ फडक्यानें धरून तिच्या कडा व खालची जागा पाहावी, गळ्याच्या गांठी चांचपाव्या. यास पांच मिनिटें पुरतात. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा संशयास्पद चट्टा आढळला, तर त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून निर्णय होत नाहीं.

आतां माझें सांगतों. माझे थोरले चुलतबंधु, आम्ही त्यांस दादा म्हणत असूं, हलूं लागलेली दाढ काढून घेण्यास एका ठिकाणीं गेले. दाढ निघाली, शेजारची जीभ कोणीं पाहिली नाहीं. जखम भरेना. भरेल भरेल म्हणून चार महिने गेले, आणि वर्षाच्या आंत दादा गेले. त्यानंतर दोन वर्षांनीं कवळीचें माप देण्यास मी तालुक्याच्या गांवीं गेलों. दंतवैद्यीण बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. माप बाजूस ठेवून त्या म्हणाल्या, “गुरुजी, आधीं तोंड नीट पाहूं द्या.” खालच्या ओठाच्या आंत उजवीकडे, जेथें मी चाळीस वर्षें चिमूट ठेवीत होतों, बरोबर तेथें पांढरा चट्टा निघाला. “तंबाखू किती दिवसांची?” या प्रश्नाला उत्तर देतांना माझी मान खालीं गेली, कारण वर्गांत व्यसनाचे तोटे शिकवून मधल्या सुटींत चुना मळणारा मास्तर मीच होतों. तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, पण त्या वाटेवरील फरक होते. चट्टा काढून टाकला. तंबाखू त्याच दिवशीं सुटली, ती पुन्हा हातीं धरली नाहीं. दर सहा महिन्यांनीं मी त्या खुर्चीवर जाऊन बसतों.

दादांचें आणि माझें व्यसन एकच होतें. त्यांच्या तोंडांत कोणीं पाहिलें नाहीं, माझ्या पाहिलें, एवढाच फरक. म्हणून माझी विनंति अशी, कीं पुढच्या खेपेस दांत दाखवावयास जाल तेव्हां दंतवैद्यास नम्रपणें म्हणा, “सबंध तोंड पाहा.” आणि घरांत मिश्री लावणारी आई किंवा आजी असेल, तर तिलाही बरोबर न्या.