‘आराम आहे’ : एका केसवहीचा शोध

गिरीजला आमच्या आळीत एक होमिओपॅथ डॉक्टर राहत. ओटीवरच दवाखाना. लाकडी पेटीत बोटभर उंचीच्या बाटल्या, साबुदाण्याएवढ्या साखरगोळ्या आणि टेबलावर कापडी बांधणीची लांबट वही. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. मुलाने जुने घर उतरवायला काढले तेव्हा मला निरोप आला, ‘तुम्ही जुने कागद गोळा करता ना? रद्दीवाला येण्याआधी बघून जा.’ मी डॉक्टर नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. नोकरी सांभाळून वसईतले जुने जमाखर्च, पत्रे, वह्या वाचत आलो, एवढीच माझी लायकी. त्या संध्याकाळी मी नऊ वह्या घरी आणल्या. त्यांतल्या १९८० च्या वहीत माझ्या आईचे पान निघाले.

केस दम्याची. पहिल्या भेटीची नोंदच दीड पान भरते. दम रात्री दोनच्या सुमारास वाढतो. बसून राहिले की बरे वाटते. खारट आवडते. चारचौघांत रडत नाही. स्वप्नात विहीर दिसते. या ओळीशी मी थांबलो. आईला विहिरीचे स्वप्न पडे, हे आम्हा तिघा भावंडांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. आम्ही कधी विचारलेच नव्हते. शेवटी औषध : नेट्रम मूर ३०. पुढे चार भेटी, आणि आषाढातली अखेरची नोंद : ‘आराम आहे.’ खाली पान कोरे.

रोग्याला असे बारकाईने विचारण्याची रीत कुठून आली, याचा मागोवा मी त्या पानापासून घेऊ लागलो.

होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान १७५५ मध्ये जर्मनीतल्या माइसेन गावी जन्मले. १७९० मध्ये एका औषधग्रंथाचे भाषांतर करताना त्यांनी सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली. निरोगी माणसात जे औषध जी लक्षणे उत्पन्न करते, तेच तशा लक्षणांच्या रोगावर चालते, हा त्यांचा सिद्धांत तिथून उभा राहिला. १८१० मध्ये त्यांचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ निघाला. त्यात रोग्याची हकिगत कशी घ्यावी याची स्वतंत्र कलमे आहेत. रोग्याला मध्येच तोडू नये. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. प्रत्येक तक्रार नव्या ओळीवर घ्यावी, म्हणजे नंतर तिच्यात भर घालता येते. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर उत्तर भागेल असा प्रश्न विचारू नये. रक्त काढणे आणि जुलाब देणे हेच उपचार असलेल्या त्या काळात रोग्याचे इतके ऐकून घेणे ही मोठीच गोष्ट होती. हानेमान यांच्या स्वतःच्या रोगीवह्या आजही जर्मनीत श्टुटगार्टला जपून ठेवल्या आहेत.

ही रीत आपल्याकडे रुजली ती मुख्यतः बंगालमार्गे. महेंद्रलाल सरकार हे कलकत्ता विद्यापीठाचे एम.डी., आधी होमिओपॅथीचे कडवे विरोधक. १८६७ मध्ये त्यांनी डॉक्टरांच्या सभेत आपले मतांतर जाहीर केले आणि बहिष्कार ओढवून घेतला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्वतःचे वैद्यकीय नियतकालिक काढले. याच माणसाने १८७६ मध्ये विज्ञानसंशोधनाची संस्था उभारली. पुढे सी. व्ही. रामन यांनी संशोधन केले ते तिथेच.

आपल्या बाजूला केसपेपराचा सर्वांत पद्धतशीर विचार केला तो मुंबईच्या डॉ. एम. एल. धवले यांनी. ते आधुनिक वैद्यकातले एम.डी. त्यांचा होमिओपॅथीवरचा मोठा ग्रंथ १९६७ मध्ये आला. एका डॉक्टरची केस दुसऱ्याला वाचता यावी, तपासता यावी, म्हणून त्यांनी एक ठरावीक आराखडा केला. ‘स्टँडर्डाइज्ड केस रेकॉर्ड’ हे त्याचे नाव. आज त्यांच्या नावाचे रुग्णालय आणि शिक्षणसंस्था आमच्याच जिल्ह्यात, पालघरला आहे.

इथवर माझा शोध मला सुखावीत होता. पुढचे प्रकरण तसे नव्हते.

आईला दिलेले नेट्रम मूर म्हणजे साधे मीठ. वसईच्या खाडीकाठी ज्याची आगरे पसरली आहेत, तेच. ‘३०’ म्हणजे एक भाग घेऊन शंभर भागांत मिसळायचा, त्यातला एक भाग पुन्हा शंभरात, असे तीस वेळा. रसायनशास्त्राच्या हिशेबाने साधारण बाराव्या पायरीनंतर मूळ पदार्थाचा एखादा कणही उरण्याची आशा धरता येत नाही.

आणि नेमक्या याच औषधाची परीक्षा १८३५ मध्येच झाली होती. जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग शहरात होमिओपॅथीच्या समर्थकांनी आव्हान दिले होते की, निरोगी माणसाने मिठाची ही तिसावी मात्रा घेऊन पाहावी, लक्षणे उमटतातच. टीकाकारांनी ते जाहीरपणे स्वीकारले. वितळलेल्या बर्फाचे पाणी घेतले. निम्म्या कुप्यांत तेच नुसते, निम्म्यांत मिठाची मात्रा. कुप्या मिसळल्या, क्रमांक घातले, कोणत्या कुपीत काय याची यादी मोहोरबंद केली. घेणाऱ्याला ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. तीन आठवड्यांनी पन्नास जणांनी अनुभव सांगितले. बेचाळीस जणांना विशेष काही जाणवले नाही. आठ जणांना जाणवले, त्यांतल्या पाच जणांच्या कुपीत मात्रा होती, तिघांच्या कुपीत नुसते पाणी.

ही परीक्षा निरोगी माणसांवरची होती. रोग बरा होतो का, हा प्रश्न वेगळा. त्यावर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये एकसष्ट आजारांवरचे अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारात सापडला नाही, असा तिचा निष्कर्ष आहे.

मग गावोगावच्या वह्यांत ‘आराम आहे’ एवढ्या वेळा कसे? माणूस डॉक्टरकडे जातो ते दुखणे टोकाला गेल्यावर. दमा, अर्धशिशी, खाज ही दुखणी चढतात तशी उतरतातही. उतरतीच्या वेळी पोटात जे औषध असेल त्याला श्रेय मिळते. कुणी तासभर आस्थेने ऐकून घेतले, याचाही दिलासा असतोच. आणि तिसरे कारण मला आमच्या घरातच मिळाले.

त्या ‘आराम आहे’नंतर तीन आठवड्यांनी, श्रावणातल्या एका रात्री आईचा श्वास कोंडला. ओठ निळे पडले. केळी वाहणाऱ्या शेजाऱ्याच्या टेम्पोतून तिला वसईला नेले, इंजेक्शने दिली, प्राणवायू लावला. मी बारा वर्षांचा होतो, टेम्पोच्या फळीवर तिचे पाय धरून बसलो होतो. ती वाचली. पुढे बरीच वर्षे श्वासाच्या पंपावर नीट जगली. पण डॉक्टरांकडे ती पुन्हा गेली नाही. का, असे वडिलांनी विचारले तेव्हा म्हणाली, ‘कोणत्या तोंडानं सांगू? एवढं मायेनं विचारतात. त्यांना वाईट वाटेल.’

म्हणून पान कोरे राहिले. बरा झालेला आणि न सांगता निघून गेलेला, दोघेही वहीत सारखेच दिसतात. डॉक्टरांनी लबाडी केली नाही. समोर आले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. जे समोर आले नाही त्याची चौकशी करण्याची सोय त्या रीतीत नव्हती. पालघरचा आराखडा असो की आळीतली वही, न परतलेल्यांचा हिशेब ठेवल्याशिवाय केसेसच्या ढिगावरून औषधाचा गुण ठरवता येत नाही. धापेच्या रोग्याचा पंप तर अशा ढिगाच्या भरवशावर कोणी बंद करू नये.

तरीही त्या वह्या मी रद्दीत घातलेल्या नाहीत. औषधाबद्दल त्या फारसे सांगत नसतील, पण १९८० मध्ये गिरीजच्या बायका रात्री का जाग्या राहत, कशाला भीत, हे दुसऱ्या कोणत्या दप्तरात मिळणार? इतरांची पाने खासगी आहेत, ती मी कुणाला दाखवणार नाही. आईच्या पानाला मात्र मी एक चिठ्ठी जोडली आहे. हानेमान सांगतात तशीच, नव्या ओळीवर : ‘श्रावण. रात्री दम. वसईला दाखल केले. परत आली नाही, संकोचामुळे.’