वापरकर्ता व भूमिका निर्देशिका

कार्यप्रवाह सॉफ्टवेअरमध्ये कोणते काम कोणाकडे जाईल आणि कोणाला काय मंजूर करता येईल, हे ज्या नोंदींवरून ठरते त्यांचा संग्रह. या निर्देशिकेत वापरकर्ते, गट व भूमिका नोंदवलेल्या असतात. अशा निर्देशिकांसाठी १९८८ मध्ये एक्स.५०० हे मानक आले. ते अवजड असल्याने १९९०च्या दशकाच्या आरंभी मिशिगन विद्यापीठात टिम हाउज व सहकाऱ्यांनी एलडॅप हा सुटसुटीत प्रोटोकॉल घडवला. ओपनएलडॅप व मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी तोच वापरतात.

भूमिकाधारित प्रवेशनियंत्रणाची आखीव मांडणी डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये केली. अधिकार व्यक्तीला नव्हे, भूमिकेला द्यायचा, हे तिचे मर्म. रजेचा अर्ज ‘विभागप्रमुख’ या भूमिकेकडे जात असेल, तर प्रमुखांची बदली झाली तरी कार्यप्रवाहाला हात लावावा लागत नाही. निर्देशिकेतील नोंद बदलली की पुरते. व्यक्तीचे नाव थेट प्रवाहात लिहिणे हमखास महागात पडते. बिल तयार करणारा व मंजूर करणारा एकच नसावा, हा कर्तव्यविभाजनाचा नियमही भूमिकांमुळे सहज पाळता येतो. नोकरी सोडणाऱ्याकडे अडकलेली कामे आधी दुसऱ्याकडे वळवावीत आणि त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.