माळ्यावरचे रुमाल : ठेवायचे की टाकायचे?

घर शाकारायला काढले किंवा भावाभावांत वाटण्या झाल्या, की माळ्यावरून एक गाठोडे हटकून खाली येते. मळकट कापडात आवळून बांधलेले, आत लांबट, जाड, पिवळसर कागद आणि त्यांवर एकमेकांत गुंतलेली मोडी अक्षरे. त्याला रुमाल म्हणतात. कागद ज्या कापडात बांधायचे त्याचेच नाव गठ्ठ्यालाही पडले. वाचता कोणालाच येत नाही. मग प्रश्न निघतो, याचं करायचं काय?

भांडी फुटली तर मोडीत घालता येतात. कागदांच्या बाबतीत आपल्या लोकांनी चार वाटा काढल्या. काही चुलीत गेले. काही वाण्याकडे शेरावर विकले जाऊन हळद-मिरचीच्या पुड्या झाले. पोथीच्या पानांचा मान मोठा, म्हणून जीर्ण पोथ्या नदीत सोडल्या. चौथी वाट आपल्या आयाबायांची. कागद भिजवायचा, मेथी घालून कुटायचा आणि तो लगदा टोपलीला आतून-बाहेरून लिंपायचा. पीठ ठेवायला अशी टोपली नामी. वर्तमानपत्रांचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. पण त्याच उखळात जुने महजर आणि वतनपत्रेही कुटली गेली असतील, हे मनात आले की वाईट वाटते.

आता तुम्ही विचाराल, आजोबा-पणजोबांनी जिवापाड जपलेले कागद एकाएकी रद्दी कसे झाले? त्याचे उत्तर इतिहासातच आहे. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. पुढे इंग्रज सरकारने इनामांची चौकशी सुरू केली, आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले. ज्याला सनद दाखवता आली नाही, त्याचे इनाम जाण्याची पाळी आली. तेव्हा कागद म्हणजे जमीन, कागद म्हणजे भाकरी. म्हणूनच तो देवघराशेजारच्या पेटीत राहिला. स्वातंत्र्यानंतर, १९५० पासून पुढे, वतने आणि इनामे रद्द करणारे कायदे एकामागून एक झाले. ते योग्यच झाले. पण त्याबरोबर त्या कागदांची व्यवहारातली किंमत गेली, आणि त्याच सुमारास शाळांतून मोडीही उठली. किंमत गेली नि वाचणाराही गेला! पेटीतला रुमाल माळ्यावर चढला तो असा.

इतिहासाच्या लेखी मात्र त्याची किंमत तेव्हाही होती. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून, घराघरांतून असेच कागद गोळा करीत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांतली पत्रे आहेत आणि ती वाईच्या एका घरातून मिळालेली. ती घरच्यांनी आधीच विकली असती तर? १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि राजवाड्यांच्या मागे धुळ्यास त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

तुमच्या रुमालात पानिपत असेलच असे नाही. बहुधा नसेल. पण विहिरीच्या पाण्याचा वाटा, दुष्काळातली धान्याची उसनवारी, बलुतेदारांची बलुती यांच्या नोंदी असतील, आणि गावाचा इतिहास तर त्यावरच लिहायचा असतो. व्यवहारही पुरता संपलेला नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली.

कागद किती जुना, हे पाहण्याची एक युक्ती शिक्षकांनी मुलांना जरूर दाखवावी. मराठेशाहीतल्या कागदांवर पुष्कळदा सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. झाले ११६१. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवा, की इसवी सन येतो. हे वर्ष मृगाच्या सुमारास पालटते. जानेवारीत ६०० मिळवायचे, म्हणजे १७६१. पानिपताचेच साल!

आता हाताळण्याविषयी. रुमाल जमिनीवर झटकू नका, स्वच्छ चादरीवर उलगडा. शाई काजळीची आणि डिंकाची असते. ती वर्षानुवर्षे फिकी पडत नाही, पण पाणी लागले की पसरते, म्हणून ओल्या फडक्याने पुसू नये. भिजलेला कागद उन्हात टाकू नये, सावलीत वाऱ्यावर वाळू द्यावा. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पुढे कागद खातो. खळीला तर किडेच लागतात. लॅमिनेशन मुळीच नको. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. पूर्वीसारखेच स्वच्छ सुती कापडात, वेखंडाचा तुकडा ठेवून बांधा आणि भिंतीच्या ओलीपासून दूर, फळीवर ठेवा.

कोणी अभ्यासक आला तर आधी मोबाईलवर फोटो काढून घ्या, कागद मोजा, पोच लिहून घ्या आणि मगच हाती द्या. फुकट द्यायचे असले तरी पोच हवीच. घरात सांभाळणे होत नसेल, तर पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करावी. धुळ्याकडच्या मंडळींना राजवाडे संशोधन मंडळ जवळ आहे. वाळवीने खाऊन नुसता भुगा उरला असेल, तो खुशाल खड्ड्यात टाका. पण त्यात अक्षर दिसणारा तुकडा असेल, तर तेवढा आधी वेचून घ्या.