खेळाची मांडणी आणि हौशी हात



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा धरली जाते. आजच्या विषयात यांपैकी काहीच नाही. दूरचित्रवाणीवर प्रश्नोत्तरांचे आणि बक्षिसांचे जे खेळ होतात, त्यांचे रंगमंच गावोगावची हौशी मंडळी आपापल्या परीने उभे करीत असतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात दोन उंच खुर्च्या समोरासमोर येतात. गणेशोत्सवात आणि नवरात्रात पैठणीचा खेळ रंगतो. बांबू, पुठ्ठा, चमकीचा कागद आणि दिव्यांच्या माळा एवढ्या सामग्रीवर ही मंडळी मुंबईचा झगमगाट गावच्या चौकात आणू पाहतात. शहाणे लोक याला नक्कल म्हणून हसतात. परंतु या हसण्याआधी त्या नकलेचा वंशवृक्ष पाहिला पाहिजे, आणि तो पुष्कळ जुना आहे.

नेवाशात बोलताना या वंशवृक्षाचे मूळ दूर शोधावे लागत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे आपण मानतो, तो पैसाचा खांब येथेच आहे. त्याच ज्ञानदेवांच्या नावावर परंपरेने एक खेळही जमा केलेला आहे. तो म्हणजे मोक्षपट, आजच्या सापशिडीचा पूर्वज. ज्ञानदेवांनीच तो रचला याला समकालीन पुरावा नाही, आणि उपलब्ध असलेले पट पुष्कळ नंतरचे आहेत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सांगितलेच पाहिजे. पण पटाची रचना पाहा. चौकोनांची घरे, सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि शेवटी मोक्ष. खेळणाऱ्याला नियमांची पोथी वाचावी लागत नाही; पट पसरला की नियम डोळ्यांना दिसतो. खेळाच्या नेपथ्याचे खरे काम हेच आहे. खेळाचा नियम सर्वांच्या नजरेला दिसेल असा मांडणे, ही त्याची कसोटी होय. शोभा त्यानंतरची. ही कसोटी मनात ठेवून आपण पुढे जाऊ.

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीस झालेल्या विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर' नाटकापासून धरतो. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' झाले, आणि पुढे नाटक मंडळ्यांत रंगविलेल्या पडद्यांचा काळ आला. राजवाड्याचा पडदा, अरण्याचा पडदा, रस्त्याचा पडदा. असे चार-सहा पडदे असले की मंडळी गावोगाव फिरावयास मोकळी. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी असे पडदे रंगविले, आणि त्याच हातांनी पुढे चित्रपटाचा व्यवसाय उभारला. बाबूरावांचा 'सैरंध्री' १९२० सालचा. नाटक कंपनीचा तंबू उठून गेला म्हणजे मागे गावात काय उरत असे? तर पाहिलेल्या पडद्याची आठवण. मग जत्रेच्या नाटकासाठी धोतरे आणि लुगडी जोडून पडदा शिवावयाचा, गेरू, चुना आणि नीळ कालवून त्यावर राजवाडा काढावयाचा, आणि गॅसबत्तीच्या उजेडात तो खराच आहे असे मानावयाचे. आमच्या हौशी नेपथ्याची पहिली शाळा ही अशी आठवणीवर चालली.

दुसरी शाळा अधिक शिस्तीची होती. १९२२ साली 'ललितकलादर्श'ने मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले आणि त्यासाठी पु. श्री. काळे यांनी खऱ्या घरासारखी खोली उभी केली. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' सादर केले, तेव्हा तीन भिंतींचे नेपथ्य हा नव्या नाटकाचा अविभाज्य भाग ठरला. चितारलेले दार आणि उघडणारे दार यांत फरक आहे. चितारलेल्या दारापुढे नट उभा राहून बोलतो. उघडणाऱ्या दारातून माणूस येतो आणि जातो. म्हणजे नेपथ्य बदलले की माणसांचे परस्परांशी वागणेही बदलते. १९५४ साली तेव्हाच्या मुंबई राज्याने हौशी संस्थांसाठी नाट्यस्पर्धा सुरू केली आणि हा धडा जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. दिवसा नोकरी आणि रात्री तालीम करणाऱ्या माणसांना आता नाटकातले घर उभे करण्याचाही विचार करावा लागला. आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर अहमदनगरच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे मधुकर तोरडमल याच हौशी वातावरणातून मोठ्या रंगभूमीवर गेले.

या दोन शाळांच्या जोडीला गणेशोत्सवाची तिसरी शाळा आहे. लोकमान्यांनी १८९३ पासून या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले. मेळे आले, आरास आली, पुढे हलते देखावे आले. सुतार, गवंडी, शिंपी, वायरमन आणि शाळेतला चित्रकलेचा मास्तर एकाच मांडवात रात्र जागवू लागले. नेपथ्यकलेचे एवढे मोठे आणि बिनफीचे विद्यालय दुसरे कोणते असेल?

अशी तयार भूमी होती, तेव्हा दूरचित्रवाणी आली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८५ साली सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' हा कार्यक्रम आला आणि शाळा-महाविद्यालयांत नावाच्या पाट्या लावलेली मेजे रांगेने मांडली जाऊ लागली. खरे वादळ मात्र ३ जुलै २००० रोजी उठले. अमिताभ बच्चन यांचा 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाला, आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या मराठी तरुणाने एक कोटी रुपये जिंकले.

या खेळाचे मूळ १९९८ सालच्या ब्रिटिश कार्यक्रमात आहे आणि त्याचा मंच अँडी वॉल्म्सली या नेपथ्यकाराचा. हा मंच देशोदेशी जसाच्या तसा उभारला गेला, तो का, हे समजून घेण्याजोगे आहे. प्रेक्षक गोलाकार बसतात. मध्ये दोन उंच खुर्च्या. खाली पारदर्शक जमीन आणि तिच्याखाली आरशासारखी चमकणारी प्रचंड थाळी. बसणाऱ्याला आधार वाटू नये, अशीच ही योजना. प्रश्न अवघड होत जातात तसतसा प्रकाश कमी होतो. बाजूला रकमांची शिडी असते, आणि चुकले की माणूस त्या शिडीवरून खाली घसरतो. मोक्षपटाची आठवण येथे कोणाला होणार नाही? मोक्षाच्या जागी कोटी रुपये आले. शिडी आणि घसरण तीच राहिली.

आता आमची हौशी मंडळी यातून काय उचलतात ते पाहा. काही जण केवळ चमक उचलतात: मोठे अक्षर, निळा प्रकाश, धुराचे यंत्र. असा मंच दुरून छान दिसतो, पण खेळ रंगत नाही, कारण रकमांची शिडी कोपऱ्यात झाकलेली असते आणि मागच्या रांगेला प्रश्नच वाचता येत नाही. दुसरी मंडळी गरीब असतात, पण नियम उचलतात. काळ्या फळ्यावर खडूने शिडी काढतात; प्रेक्षकांचे मत यंत्राने न घेता हात वर करून घेतात; बाकडी गोलाकार मांडून सगळ्यांची तोंडे मध्याकडे वळवितात. खर्च शून्य, पण सारे गाव खेळात सामील. माझ्या मते नेपथ्यकार या पदवीचे खरे मानकरी हेच. नक्कल करणे हा दोष नव्हे. समजून न घेता नक्कल करणे हा दोष होय.

पैठणीच्या खेळाची गोष्ट याहून बोलकी आहे. झी मराठीवर २००४ साली आदेश बांदेकर यांचा 'होम मिनिस्टर' सुरू झाला आणि सुमारे वीस वर्षे चालला. त्याला मंच असा मूळचा नव्हताच; घराची ओसरी किंवा बैठकीची खोली हेच त्याचे नेपथ्य. गावच्या मंडळांनी तो खेळ घरातून उचलून पुन्हा चौकातल्या मंचावर नेला. हा बदल लहान नाही. जी बाई घरात बसून खेळणार होती, तिला आता तीन पायऱ्या चढून सबंध गावासमोर यावे लागले. पुष्कळ जणींच्या आयुष्यात गावाच्या मंचावर चढण्याचा तो पहिला प्रसंग असतो.

पण त्या पायऱ्या कोणी चढावयाच्या? येथे या विनोदी वाटणाऱ्या विषयाला धार येते. हळदीकुंकवाच्या रिवाजाची सावली या खेळांवर असते, आणि जिच्या कपाळी कुंकू नाही ती बाई पुष्कळदा मांडवाच्या कडेला उभी राहते. तिला कोणी हाकलीत नाही. तिला कोणी बोलावीतही नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून तो कित्ता इतरांनी गिरवावा असे सुचविले. ठराव कागदावर असतो. तो डोळ्यांना दिसावयाचा तर कुठे? तो त्या तीन पायऱ्यांवर दिसला पाहिजे. मुंबईचा मंच वाहिनीचा असतो. त्यात आपणांस फळीही हलविता येत नाही. गावचा मंच मात्र आपला असतो. त्याची पायरी किती रुंद करावयाची, निमंत्रणाच्या फलकावर 'सौभाग्यवतींसाठी' लिहावयाचे की 'सर्व भगिनींसाठी', हे हौशी माणूस ठरवितो. त्याचे स्वातंत्र्य व्यावसायिकापेक्षा मोठे आहे, ते येथे.

हे स्वातंत्र्य आज पैशाने विकले जात आहे. छापील फ्लेक्स आणि भाड्याचा तयार मंच एका टेंपोतून येतो आणि त्याच रात्री परत जातो. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हा पुठ्ठा, कापड आणि बांबू यांच्याकडे परत वळण्याची एक संधी आली होती. पुष्कळांनी ती घेतली, पुष्कळांनी फ्लेक्सच वाढविला. तयार मंचावर माझा राग नाही. नाटक कंपनीचे पडदेही पैसे देऊनच रंगविले जात होते. परंतु तेव्हा कंपनी गेल्यावर गाव स्वतः रंगवू लागत असे. टेंपो गेल्यावर गावाच्या हाती काही उरत नसेल, तर नुकसान फक्त कलेचे होत नाही. मंचावर कोणाला जागा द्यावयाची, हा निर्णयही टेंपोबरोबर निघून जातो.

म्हणून येत्या उत्सवात मंडळाच्या बैठकीत मंचाचा विषय निघाला, की भाड्याचा दर विचारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. खेळाचा नियम मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आजीला दिसेल काय? आणि मंचाची पायरी गावातल्या प्रत्येकीला चढता येईल काय? या दोन्हींना होकार आला, तर तो मंच पुठ्ठ्याचा असला तरी उत्तम समजावा. खांबाला टेकून सांगितलेल्या एका ग्रंथाने ज्ञानाची पायरी सर्वांसाठी खाली आणली. ती आठवण ज्या गावात आहे, त्या गावाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.