एकट्या माणसाचा समुद्र

वर जड आकाश, खाली ओली वाळू, मध्ये समुद्राची फिकट पट्टी आणि तिच्यासमोर पाठमोरा उभा असलेला एक माणूस. हे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. कॅलेंडरवर, कवितासंग्रहांच्या मुखपृष्ठांवर, विमा योजनांच्या जाहिरातींत. खाली बहुधा ‘एकाकी’ किंवा ‘चिंतन’ अशा अर्थाचा शब्द असतो. मी राहतो बोरिवलीला. गोराई, मनोरी, मार्वे, आक्सा, मढ, वेसावे हे किनारे आमच्या उपनगरांचे, आणि अशी छायाचित्रे इथे वर्षानुवर्षे काढली जात आहेत. जुन्या बाजारातून मी ती जमेल तशी गोळा करतो. ती पाहताना मला एकच प्रश्न पडत आला आहे. हा माणूस कोण, तो तिथे काय करत होता, आणि तो खरोखर एकटा होता का?

या चित्रकल्पनेचे मूळ छायाचित्रणाहून जुने आहे. कास्पार डाव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराने 1808 ते 1810 या काळात ‘समुद्रकाठचा संन्यासी’ हे चित्र रंगवले. पावणेदोन मीटरच्या आसपास रुंदीचा हा कॅनव्हास, त्याचा बहुतेक भाग आकाशाने व्यापलेला, आणि तळाशी बोटाएवढा संन्यासी. हे चित्र आज बर्लिनमध्ये आहे. इन्फ्रारेड किरणांखाली त्याची तपासणी झाली, तेव्हा क्षितिजाजवळ आधी शिडाची जहाजे रेखाटलेली होती आणि चित्रकाराने ती नंतर झाकून टाकली, असे आढळले. म्हणजे या परंपरेच्या आरंभीच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रातले एकटेपण समुद्रावरची वाहतूक पुसून मिळवलेले आहे. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

कॅमेऱ्याला मात्र सुरुवातीला समुद्र आणि आकाशसुद्धा एकत्र टिपता येत नव्हते. 1850 च्या दशकातली कोलोडियनची ओली काच निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील होती. समुद्रापुरता प्रकाश दिला की आकाश जळून पांढरे पडे, ढग नाहीसे होत. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने 1856-57 मध्ये काढलेल्या समुद्रचित्रांनी युरोप थक्क झाला. त्यातल्या काहींचे रहस्य असे की आकाश एका काचेवरचे आणि पाणी दुसऱ्या काचेवरचे, दोन्ही एकाच कागदावर जोडलेली.

मुंबई त्या वेळी या कलेत मागे नव्हती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना 1854 सालची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार या संस्थेत होते, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे. याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सनने हेंडरसनच्या साथीने 1856 पासून एक मासिक चित्रसंग्रह काढला. 24 अंक, प्रत्येकात तीन मूळ छायाचित्रे. पुढे 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवरचे त्याचे दोन खंड निघाले. त्यांची खुबी अशी की माणसे स्टुडिओत उभी करून टिपलेली आणि मागचे दृश्य वेगळ्या काचेवरचे. छपाईत दोन्हींचा मेळ घातलेला. नीट पाहिले तर पायांशी ते कळते. माणूस जमिनीवर उभा असतो, पण जमिनीला त्याचा भार जाणवत नाही.

यात जॉन्सनची लबाडी होती असे मला म्हणायचे नाही. ओली काच सुकण्याआधी, म्हणजे मुंबईच्या उकाड्यात काही मिनिटांतच, धुवावी लागे. त्यासाठी काळोखी राहुटी सोबत न्यावी लागे. इतका पसारा घेऊन चालत्या माणसाला चालत्या लाटेसमोर पकडणे अवघडच होते. पण माणूस एकीकडचा आणि भोवताल दुसरीकडचा, ही सवय इथल्या छायाचित्रणाला लहानपणीच लागली.

उपनगरांचे किनारे या कथेत येतात ते रेल्वेमुळे. 1867 साली बीबीसीआयची गाडी विरारपासून मुंबईत येऊ लागली आणि 1928 च्या जानेवारीत बोरिवलीपर्यंतच्या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. लायका हा खिशात मावणारा कॅमेरा 1925 मध्ये बाजारात आला होता. 1932 मध्ये कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे आणि 1937 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया या संस्था मुंबईत सुरू झाल्या. या तारखा शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. फोर्टातला हौशी माणूस आता रविवारी अंधेरीला उतरून वेसाव्याला किंवा मालाडला उतरून मार्व्याला जाऊ शकत होता. कॅमेऱ्यावर लाल काच चढवली की पॅनक्रोमॅटिक फिल्मवर निळे आकाश काळवंडते आणि पांढरे ढग उसळून येतात. भर दिवसा वादळ उभे करता येते. प्रकाश आकाशापुरताच मोजला की समोरचा माणूस नुसती काळी आकृती होतो. चेहरा जातो, कपडे जातात, हातातली वस्तूही जाते. उरतो तो ‘मानव’. स्पर्धांच्या परीक्षकांना तो आवडे, आणि का आवडू नये? यांतली काही छायाचित्रे खरोखर सुंदर आहेत.

माझ्याकडच्या अशाच एका छापाविषयी सांगतो. जाड कागद, कडा कापलेल्या, छायाचित्रकाराचे नाव नाही. मागे पेन्सिलीने इंग्रजीत दोनच शब्द: ‘सॉलिट्यूड, मार्वे’. ओल्या वाळूच्या आरशात उतरलेले ढग आणि खांद्यावर गाठोडे घेतलेला माणूस. हा छाप मी गोराईच्या एका कोळी मावशींना दाखवला. त्यांनी ढगांकडे पाहिलेच नाही. म्हणाल्या, “सुकती आहे. आणि हा पाग घेऊन चाललाय.” पाग म्हणजे फेकायचे गोल जाळे. जे मला गाठोडे वाटत होते त्याची खालची कड शिशाच्या मण्यांनी जड होऊन लोंबते आहे, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. मग त्या हसल्या. “एकटा कसला? मासळी काय खिशात घालून नेणार? टोपलीवाली मागं असेल.”

मी भिंग घेतले. वाळूत पावलांच्या दोन रांगा आहेत. एक त्या माणसापाशी संपते. दुसरी, लहान पावलांची, त्याच्या बाजूने येऊन डावीकडे वळते आणि कापलेल्या कडेपाशी नाहीशी होते.

सुकतीचा मुद्दा तर याहून मोलाचा. आपल्या किनाऱ्यावर भरतीचा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास समुद्र काठोकाठ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी साडेपाचच्या आसपास. आणि त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी फार दूरवर जाते, वाळूचे मोठे मैदान उघडे पडते. आपला समुद्र पश्चिमेला. क्षितिजावर उजेड आहे म्हणजे वेळ संध्याकाळची. तेव्हा मावळतीचा प्रकाश आणि आरशासारखी रुंद वाळू हा योग आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागेच जुळतो. अष्टमीच्या संध्याकाळी तो जुळत नाही.

पण छायाचित्रकाराला हवी असलेली ही वेळ त्याच्याही आधी दुसऱ्या कोणाची आहे. याच उधाणाच्या सुकतीला बाया कालवे फोडायला खडकांवर जातात, तिसऱ्या वेचतात, मागे राहिलेल्या पाण्यात पाग पडतो. ‘निर्जन’ किनाऱ्यावर नेमका त्या घटकेला माणूस सापडतो तो योगायोगाने नव्हे. तो तिथी पाहून कामावर आलेला असतो. पावसाळी छायाचित्रांबाबत आणखी एक. आता 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, आणि पूर्वीही पावसाळा लागला की होड्या वर ओढल्या जात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. काळ्या ढगांखालचा रिकामा समुद्र पाहून आपल्याला अनंताची आठवण होते. वेसाव्याच्या माणसाला तो समुद्र सुट्टीवर गेलेला दिसतो.

गेल्या काही वर्षांत मी अशा छापांची नोंद ठेवताना रचनेचे शब्द मागे टाकले आहेत. आधी तिथीचा अंदाज, मग भरती-ओहोटी, मग हातातली किंवा डोक्यावरची वस्तू, मग पावले. कधी कधी दूर बोंबील वाळत घालायची वलांडी दिसते, आणि तिच्यावर बोंबील असतील तर पावसाळा नक्कीच नाही. कलेच्या अभ्यासकांना ही गवंडीकामासारखी पद्धत वाटेल. वाटू दे. चेहरा काळोखात गेलेल्या माणसाची ओळख त्याच्या कामावरूनच थोडीफार परत मिळते.

या हिवाळ्यात गोराईला सहा-सात कॅमेरेवाले एका तरुणाकडून पाग फेकून घेत होते. पाणी चढायला लागले होते, मासा मिळायची वेळ टळून गेली होती. जाळे हवेत गोल उघडते ते त्यांना सूर्यासमोर हवे होते. अकरा वेळा त्याने ते फेकले. मी मोजले. त्याचे दोन मित्र आणि एक लहान मुलगी चौकटीबाहेर थांबली होती. त्यांना “जरा बाजूला, जरा बाजूला” असे दोनदा सांगितले गेले, आणि ती निमूट सरकली.

मार्व्याच्या छापामागे त्या दोन इंग्रजी शब्दांखाली मी पेन्सिलीनेच लिहून ठेवले आहे: संध्याकाळ, सुकती, पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास. पाग घेतलेला पुरुष. डावीकडे चौकटीबाहेर आणखी एक जण, पाऊल लहान.